न मिटणारी कालवं

हेमांगी तांडेल तव्यावर घावन घालत होती आणि ओट्यावर ठेवलेल्या फोनमधून खाडीतल्या कालवांची काळजं वाजत होती.

टुकटुक, टुकटुक. पत्र्यावर बारीक सरी पडाव्यात तसा तो आवाज. तेरवणच्या खाडीत बांबूच्या तराफ्यांना टांगलेले कालवांचे पिंजरे होते. प्रत्येक पिंजऱ्यातल्या काही कालवांच्या शिंपल्यावर, बरोबर हृदयाच्या जागी, तांदळाच्या दाण्याएवढा एक दिवा चिकटवलेला होता. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तो शिंपल्यातून आत टाकायचा. आतलं हृदय आक्रसलं की परत येणारा प्रकाश किंचित बदलायचा आणि तो बदल ठोका बनून फोनपर्यंत पोचायचा. हेमांगी काम करायची त्या संशोधन केंद्राच्या अहवालांत त्याचं नाव स्पंदमापक होतं. गावातल्या बायका त्याला टिकली म्हणायच्या, आणि हळूहळू केंद्रातले शास्त्रज्ञही टिकलीच म्हणायला लागले होते.

घावन उलटताना हेमांगीचा हात थांबला. ठोके जलद होते. ऊन चढायला अजून अवकाश होता आणि तरी कालवं दुपारसारखी धावत होती. तिने बोटाने फोनवरचा दुसरा कप्पा उघडला. तिथे तुलनेसाठी ठेवलेल्या एका वेगळ्या पिंजऱ्याचा आवाज यायचा. त्यातली कालवं खडकावरून काढून आणलेली, रानटी, कसलंही औषध न दिलेली होती. तिथे जवळजवळ शांतता होती. बऱ्याच वेळाने एक ठोका, मग पुन्हा शांतता.

"तुझी कालवां आज लयच धावतत," मागून रोहिदास म्हणाला. तो अंगात बनियन चढवत स्वयंपाकघरात आला होता. उंच, रुंद खांद्यांचा, रापणीच्या जाळ्याचे दोर ओढून ओढून तळवे चामड्यासारखे झालेला हेमांगीचा नवरा.

"पाणी तापला हा. रातभर उतराकच नाय," ती म्हणाली. शिक्षणासाठी बाहेर राहून आली तरी घरात तिची जीभ मालवणीच राहिली होती. "रानातली बघ, कशी गप मिटून बसली हत."

"मिटून बसली तर खातली काय?" तो हसला. "तुझी बरी. ऊन असो नायतर आग असो, तोंड उघडा ता उघडाच."

बोलता बोलता त्याने फडताळातली पट्टी काढली, एक पांढरी गोळी तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्यायला.

"आज रापण घालतलास?"

"मगे! तारल्यांचो थवो काठाक लागलो हा. आबानी सगळ्यांका बोलावल्यानी."

"भर दुपारी?"

"गोळी हा मा. आता दुपार काय नि सकाळ काय."

तो गेला. हेमांगी तवा उतरवून क्षणभर तशीच उभी राहिली. तिला कसली तरी भीती वाटली होती, पण कसली ते तिला सांगता आलं नसतं.

गोळीचं आणि कालवांच्या औषधाचं नाव एकच होतं: निर्धास्त. गेली काही वर्षं उन्हाळ्यात खाडीचं पाणी इतकं तापायला लागलं होतं की कालवशेती जवळजवळ बुडाली होती. पाणी तापलं की कालव शिंपले घट्ट मिटून घेतं. हृदय मंद करतं, साठवलेल्या अन्नावर जगतं आणि शरीरातली प्रथिनं विरघळू नयेत म्हणून त्यांना सावरणारी दुसरी प्रथिनं बनवत बसतं. त्यात त्याची सगळी ताकद जाते. पूर्वी हे चार-दोन दिवसांचं संकट असायचं. आता ते उन्हाळाभर टिकायला लागलं. कालवं मिटून राहायची, उपाशी राहायची, आणि पावसाच्या तोंडावर पिंजरे वर काढले की शिंपल्यात चिमूटभर मांस निघायचं.

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर नचिकेत प्रभुदेसाईंनी त्यावर उपाय शोधला. कालवाच्या कल्ल्यांमध्ये उष्णता ओळखणाऱ्या पेशी असतात. त्या पेशींना गप्प करणारं एक द्रव्य त्यांना सापडलं. कालवांची पिल्लं, म्हणजे बीज, लहान असतानाच ते टाकीच्या पाण्यात मिसळलं की कालवाला ऊन कळायचंच नाही. ते उघडं राहायचं, खात राहायचं, वाढत राहायचं. हेमांगीने स्वतः खाडीत ते बीज वाढवलं होतं. सलग दोन उन्हाळे पिंजरे भरभरून निघाले. बचत गटाच्या बायकांनी तिला हार घातला होता.

मग त्याच द्रव्याची सौम्य, माणसांसाठीची गोळी आली. उन्हात राबणाऱ्यांसाठी. तेरवणच्या रापणकरांनी चाचणीत नाव घातलं त्याला महिना होत आला होता. भर उन्हात तास न् तास दोर ओढूनही थकवा येत नाही, डोकं दुखत नाही, तहानेने जीव कासावीस होत नाही, असं ते घरोघर सांगत होते.

सूर्य माथ्याकडे सरकत असताना हेमांगी शेवंतीकाकींच्या होडीतून तराफ्यांकडे निघाली. शेवंतीकाकी बचत गटाच्या प्रमुख. साठीच्या, काटक, पदर खोचून स्वतः होडी वल्हवणाऱ्या. एरवी त्यांचं तोंड बंद नसायचं. आज त्याही गप्प होत्या. हवा इतकी ओली आणि जड होती की श्वास गाळून घ्यावा लागत होता. हेमांगीच्या गळ्यातल्या पिशवीत फोन होता आणि त्यातून ठोके येत होते, आता इतके जलद की एकातून दुसरा वेगळा काढता येऊ नये.

"हेमा, थय बघ," काकींनी वल्हं थांबवून काठाकडे बोट केलं.

काठाच्या तिवरांवर कुर्ल्या चढल्या होत्या. एकदोन नव्हे, शेकड्यांनी. मुळांवर, बुंध्यांवर, फांद्यांवर, पानांच्या सावलीत एकमेकींना चिकटून, नांग्या आखडून बसल्या होत्या. त्यांच्यावरच्या फांद्यांवर गोगलगायींचे थर होते. चिखलातल्या निवट्या मासोळ्याही पाणी सोडून वर आल्या होत्या आणि झाडाच्या बेचक्यांत तोंडं खुपसून पडल्या होत्या. ज्याला ज्याला पाय होते, सरकता येत होतं, ते सगळं पाण्यातून बाहेर पळालं होतं.

"असा मी जन्मात बघूक नाय," काकी हलक्या आवाजात म्हणाल्या.

हेमांगीने पाण्यात हात घातला. आंघोळीचं पाणी असावं तसं पाणी.

आणि त्याच क्षणी फोन गप्प झाला.

आधी वेग कमी होत गेला, मग ठोके विरळ झाले, असं काही झालंच नाही. चालत्या गिरणीची वीज जावी तसे सगळ्या पिंजऱ्यांतले सगळे ठोके एकदम थांबले. नेटवर्क गेलं असेल, असं हेमांगीला वाटलं. तिने घाईघाईने रानटी पिंजऱ्याचा कप्पा उघडला आणि कान लावला. बराच वेळ काहीच नाही. मग एक ठोका आला, सावकाश, भक्कम. नेटवर्क होतं.

"पिंजरो काढा, काकी. बिगीन काढा."

दोघींनी मिळून पहिला पिंजरा वर ओढला. कालवं उघडी होती. आतलं मांस पांढरंशुभ्र, तुपाळ, टपोरं, बाजारात पहिल्या भावाने जावं असं. एकातही खोट नव्हती. हेमांगीने एका कालवाच्या कडेला बोट लावलं. जिवंत कालव बोटाच्या सावलीनेसुद्धा मिटतं. हे मिटलं नाही. तिने दुसऱ्याला हात लावला, तिसऱ्याला लावला.

"झोपली काय गो ही?" काकींनी विचारलं.

"गेली, काकी."

"सगळी?"

हेमांगी पुढच्या तराफ्यावर गेली, त्याच्या पुढच्या तराफ्यावर गेली. सगळीकडे तेच. उघडी, भरल्या पोटाची, मेलेली कालवं. शेवटी तिने रानटी पिंजरा ओढला. खडबडीत, लहान, कुपोषित दिसणारी ती कालवं दगडासारखी मिटलेली होती. तिने कमरेची कालवसुरी काढून एकाच्या फटीत घालून पाहिली. सुरी आत जाईना. आतला जीव सगळ्या ताकदीने दार ओढून धरून बसला होता.

तेव्हा तिला सकाळची भीती ओळखू आली. खाडीत ज्यांना ज्यांना भीती वाटली होती ते सगळे वाचले होते. कुर्ल्या, गोगलगायी, ही रोडकी कालवं. मेली होती ती फक्त तिची, ज्यांना काहीच जाणवलं नव्हतं. शेवटच्या क्षणापर्यंत ती मजेत खात होती. टिकल्यांनी सकाळपासून सांगितलं होतं की त्यांची हृदयं फाटायच्या बेताला आली आहेत. ते तिला कळत होतं, फोनला कळत होतं. कालवांना तेवढं कळत नव्हतं.

तिच्या डोळ्यांसमोर फडताळातली गोळ्यांची पट्टी आली.

"काकी, होडी काठाक घ्या!" ती ओरडली आणि तिने पुण्याला फोन लावला.

"सर, सगळी गेली. एकदम, सगळे पिंजरे."

"रोग असेल," प्रभुदेसाई म्हणाले. "नमुने बर्फात ठेव, मी उद्या..."

"रोग नाही सर, ऊन. पोटं भरलेली आहेत त्यांची. रानटी पिंजरा मिटलेला आहे आणि जिवंत आहे." तिला धाप लागली होती. "सर, इथे माणसं गोळी खाऊन रापण ओढतायत. आत्ता. या उन्हात."

"हेमांगी, घाबरू नकोस. माणूस म्हणजे कालव नव्हे. माणसाला घाम येतो, घामाने तो थंड होतो. आपण ते तपासलंय."

"किती तापमानाला तपासलंय?"

"छत्तीस अंशांपर्यंत."

"इथे एक्केचाळीस आहेत. हवा पाण्यासारखी ओली आहे." आणि मग, सकाळपासून जिभेच्या टोकावर असल्यासारखा, प्रश्न तिच्या तोंडून बाहेर पडला. "सर, घाम कशाने सुटतो? अंगाला ऊन कळतं म्हणूनच ना? कातडीला कळलंच नाही, तर?"

प्रभुदेसाई बोलले तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता, एखाद्या म्हाताऱ्याचा असावा तसा. "रक्त तापलं की मेंदूला कळायला हवं... पण तेही फार उशिरा. हेमांगी, त्यांना थांबव. काय वाटेल ते करून थांबव. सावलीत घे, बर्फ लाव. मी रुग्णवाहिका पाठवायला सांगतो."

काठाला लागताच हेमांगीने काकींना सांगितलं, "बाजारात जावा. मासळीचो जितको बरफ गावतलो तितको टेंपोत भरून रापणीकडे आणा. कित्याक ता इचारू नकात."

काकींनी विचारलं नाही. त्या धावत सुटल्या.

खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये सुरूचं बन होतं. हेमांगी त्यातून पळत गेली. बन संपलं आणि वाळूचा पांढरा चटका डोळ्यांवर आदळला. समोर रापण लागली होती. समुद्रात अर्धवर्तुळात पसरलेलं मोठं जाळं, त्याची दोन टोकं किनाऱ्यावर आणणारे दोन दोर, आणि एकेका दोराला पंधरावीस माणसं. पाय वाळूत रोवून, मागे झुकून, एका तालात ओढत होती. "होऽ... हैसा! होऽ... हैसा!" आवाजात उत्साह होता. एखाद्या जत्रेतली चढाओढ असावी तसा.

ती जवळ गेली आणि तिच्या लक्षात आलं की एकाही माणसाच्या अंगावर घाम नाही.

पाठी कोरड्या, कपाळं कोरडी, बनियनं कोरडी. चेहरे मात्र शिजवलेल्या कोळंबीसारखे लाल झाले होते. सगळ्या किनाऱ्यावर घामाने निथळणारा एकच माणूस होता आणि तो काहीच काम करत नव्हता. ते होते आबा टिकम, रापणीचे म्होरके. वय जास्त म्हणून त्यांना चाचणीत घेतलं नव्हतं. ते छत्रीखाली बसून ओल्या पंचाने तोंड पुसत होते.

"आबा, ओढणा थांबवा!"

"काय झाला गो?"

"तुमका घाम इलो हा मा?"

"मगे? भट्टी हा ही नुसती."

"ह्यांका बघा. एकाक तरी इलो हा काय, बघा."

आबांनी पंचा खाली केला. डोळे बारीक करून त्यांनी पहिल्या दोराकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. ते उठले, छत्री तिथेच कलंडली. "सोडा रे! दोर सोडा सगळ्यांनी!"

कुणी सोडला नाही. दोघंतिघं हसले. "आबा, जाळा काठाक इला! आता सोडून कसा चालतला?"

हेमांगी रोहिदासकडे धावली. त्याच्या दंडाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या भांड्याला हात लागावा तसं झालं.

"रोहिदास, सोड दोर."

"मागीर ये गो," तो हसून म्हणाला. त्याचे डोळे तिच्याकडे होते पण ते तिला पाहत नव्हते. "आज मायंदाळ गावली हत. मी दमाकच नाय. बघ, सांजपर्यंत ओढतलंय."

त्याच्या पुढे बाबल खवणेकर होता. शेजारच्याच घरात राहणारा, तिशीतला, दोन महिन्यांपूर्वी बाप झालेला. ओढता ओढता त्याने मान वळवून आकाशाकडे पाहिलं. आकाशात एक ढग नव्हता.

"हेमा," तो समाधानाने म्हणाला, "पाऊस कधी लागलो गो?"

तिने कालवसुरी काढली आणि दोरावर चालवायला लागली. बोटाएवढं पातं, मनगटाएवढा ताणलेला दोर. दोनचार धागे तुटले, बाकीचा तसाच करकरत राहिला. ती रडत रडत घासत होती. दोर माणसांच्या तालाबरोबर तिच्या हातांतून पुढे सरकत होता. जिथे कापलं तो भाग निसटून जायचा आणि नवा पुढे यायचा.

कुणीतरी तिला खांद्याला धरून बाजूला केलं. आबा होते. त्यांच्या हातात कोयता होता. ती रापण आबांच्या आजोबांनी उभी केली होती. गावातली निम्मी घरं तिच्यावर जगत होती. आबांनी दोर पायाखाली दाबला, कोयता वर उचलला आणि एका घावात तो तोडला. मग ते दुसऱ्या दोराकडे चालत गेले.

माणसं पाठीवर कोसळली. जाळं सैल पडलं आणि पाण्याखालून चांदीची एक मोठी लाट बाहेरच्या बाजूला निसटली.

काही वेळ नुसता आरडाओरडा. "येडे झाले काय, आबा?" रोहिदास उठला आणि हेमांगीवर धावून आला. तिने त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. तो तिच्यापासून हातभर अंतरावर आला, काहीतरी बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलं आणि गुडघ्यांतून खाली बसला. नंतर आडवा झाला. त्याच्या पलीकडे आणखी एकजण ओकत होता. कोणी उठायला बघत होता आणि त्याचे पाय त्याचं ऐकत नव्हते. ओढत होते तोवर सगळे उभे होते. थांबल्यावर त्यांच्या शरीरांना जणू आठवण झाली.

बाबल पडला होता तिथून हललाच नाही.

"पाण्यात घाला त्यांका!" कोणीतरी ओरडलं.

"पाण्यात नको!" हेमांगी किंचाळली. "पाणी तापला हा! सावलीत ओढा, बनात!"

हे बोलताना तिला त्याचा अर्थ नव्याने कळला. माणसाला ऊन लागलं तर समुद्रावर जायचं, पाण्यात डुंबायचं. पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलं होतं. आज समुद्र समोर होता आणि त्याच्यात घालून एकही माणूस निववता येत नव्हता.

आबा आणि ती एकेकाला बगलेत हात घालून सुरूच्या सावलीत ओढत राहिले. तेवढ्यात टेंपोचा आवाज आला. शेवंतीकाकी पुढे उभ्या होत्या आणि मागे मासळी विकणाऱ्या बायका बर्फाच्या लाद्यांवर बसल्या होत्या. कुणाला काही सांगावं लागलं नाही. बायकांनी लाद्या फोडल्या, मासळीचे निळे क्रेट ओढले, त्यांत बर्फ भरला आणि पुरुषांना त्यावर निजवलं. बगलेत बर्फ, मानेखाली बर्फ, जांघेत बर्फ. सुरमई आणि पापलेट ज्या हातांनी बर्फात पुरायच्या त्याच हातांनी त्या आपल्या नवऱ्यांना आणि मुलग्यांना पुरत होत्या. कुणी रडत नव्हतं. रडायला वेळ नव्हता.

हेमांगीने रोहिदासच्या छातीवर तळवा ठेवला होता. आत काळीज धावत होतं. ते एकदम थांबेल, वीज गेल्यासारखं थांबेल, याची ती वाट पाहत होती, आणि वाट पाहू नये म्हणून त्याचं नाव घेत होती. बर्फ वितळून वाळूत जिरत राहिला. बऱ्याच वेळाने काळजाचा वेग थोडा उतरला. मग आणखी थोडा.

बाबलच्या क्रेटशी शेवंतीकाकी बसल्या होत्या. त्या अजूनही त्याच्या कपाळाला बर्फ लावत होत्या. रुग्णवाहिकेतला डॉक्टर खाली वाकला, त्याने बाबलच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि काकींचा हात हलकेच बाजूला केला.

तालुक्याच्या रुग्णालयात संध्याकाळपर्यंत जागा उरली नाही. बाबल सोडून बाकीचे वाचले होते. दोघंजण अजून शुद्धीवर नव्हते. बाबलची बायको मांडीवर मूल घेऊन व्हरांड्यात बसली होती. हेमांगी तिच्याजवळ जाऊन बसली.

दिवेलागणीला प्रभुदेसाई आले. पुण्याहून थेट गाडी हाकत आले असावेत, शर्ट चुरगळला होता. बाबलच्या बायकोसमोर ते हात जोडून उभे राहिले. तिने मान वर केली नाही. मग ते हेमांगीला बाजूला घेऊन म्हणाले, "चाचणी थांबवली. सगळीकडे निरोप गेलेत."

"सगळीकडे म्हणजे?"

"ऊसतोडीच्या टोळ्या आहेत. वीटभट्ट्या आहेत. रस्त्याच्या कामावरची माणसं आहेत, मराठवाड्यात." ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते. "काही मुकादमांनी फोन उचलले नाहीत. एकजण म्हणाला, कशाला बंद करता साहेब, इथे सगळे मजेत आहेत, कुणाची काही तक्रार नाही."

"तक्रार येणारच नाही, सर," हेमांगी म्हणाली. "तेच तर औषध आहे."

त्यांनी मान हलवली.

"आता गोळी बंद केली की सगळं पूर्ववत होईल ना?"

उत्तर तिला ठाऊक होतं. मागच्या वर्षी एका टाकीतल्या बीजाचं औषध मध्येच थांबवून पाहिलं होतं. ती कालवं नंतर कधीच मिटायला शिकली नाहीत. अहवालात ते फायद्याच्या सदरात लिहिलं होतं: परिणाम दीर्घकाळ टिकतो.

"पण माणूस म्हणजे कालव नव्हे," ते पुटपुटले. दुपारी त्यांनी हेच वाक्य उत्तर म्हणून वापरलं होतं. आता ते आशा म्हणून वापरत होते.

ती खोलीत आली तेव्हा रोहिदास उशीला टेकून बसला होता. परिचारिकेने चहा आणून ठेवला होता, स्टीलच्या पेल्यात, वाफाळता. हेमांगी दारातून आत येईपर्यंत त्याने पेला सरळ मुठीत उचलला आणि ओठांना लावला. एक घोट, दुसरा घोट, पाणी प्यावं तसा.

"रोहिदास!"

तिने झडप घालून पेला हिसकावला. चहा तिच्या मनगटावर सांडला आणि ती कळवळली. तो तिच्याकडे बघत राहिला. काय चुकलं ते त्याला समजत नव्हतं. त्याच्या खालच्या ओठाची कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती. तळहातावर पेल्याचा लाल पट्टा उमटला होता. तिने त्याला तो हात दाखवला. त्याने तो उलटा केला, सुलटा केला, दुसऱ्या कुणाचा तरी हात असल्यासारखा निरखला.

"माका कळाक नाय," तो म्हणाला.

सकाळी दिवस वर आला आणि रुग्णालयाच्या खिडकीतून उन्हाचा एक जाड पट्टा आत पडला. बाहेर, रस्त्याचं डांबर आत्ताच चमकायला लागलं होतं. हेमांगी खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिने डोळे उघडले तेव्हा रोहिदास खिडकीत उभा होता, उघड्या पाठीवर ऊन घेत. किती वेळ उभा होता कोण जाणे.

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. वादळात होडी घालणारा, फणा काढलेला साप काठीने बाजूला सारणारा हा माणूस. त्याच्या चेहऱ्यावर तिने पहिल्यांदा भीती पाहिली.

"हेमा," त्याने विचारलं, "आत्ता माका गरम होता हा काय गो?"